कर्नल बदलताना जुनी कॉन्फिग पुढे नेताय? या चुका टाळा

एप्रिल महिना, काजूचा हंगाम भरात. डिचोलीजवळच्या एका काजू कारखान्यात सकाळी बियांची पोती उतरत होती आणि काट्यावरच्या काकांचा फोन आला, "दादा, काट्यावर आकडा दिसतो, पण कॉम्प्युटरवर काहीच येत नाही. माणसं पोती घेऊन उभी आहेत." आदल्या रात्री मीच फोंड्याला घरी बसून त्या मशीनचा लिनक्स कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा सिस्टिमचा गाभा) ५.१० वरून ६.१ वर नेला होता. मशीन नीट सुरू झालं होतं, नेटवर्क होतं, बिलिंग उघडत होतं. एरर म्हणून एकही नव्हती.

त्या मशीनमध्ये डिस्क छोटी आहे, म्हणून त्याच्यापुरता कर्नल मी स्वतः बांधतो, म्हणजे सोर्स कोडपासून तयार करतो. जुनी कॉन्फिग, म्हणजे कर्नलमध्ये काय घ्यायचं आणि काय नाही हे सांगणारी फाइल, नव्या सोर्समध्ये ठेवली आणि 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' चालवलं. ही आज्ञा 'एलएसमॉड'च्या यादीत त्या क्षणी जी लोड झालेली मोड्यूल्स (ड्रायव्हरसारखे लागतील तसे जोडले जाणारे तुकडे) दिसतात तेवढीच ठेवते, बाकीची काढून टाकते. आता गोव्यातली एप्रिलची संध्याकाळ. वळवाचा पाऊस, विजा चमकतात, म्हणून काका जाताना काट्याची यूएसबी वायर काढून ठेवतात. नुसती वायर काढली असती तर मोड्यूल मेमरीत राहिलं असतं. पण त्या संध्याकाळी लाइट गेली, मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं, आणि तेव्हा काटा जोडलेलाच नव्हता. त्यामुळे काट्याच्या यूएसबी-सिरियल चिपचं 'सीएच३४१' हे मोड्यूल माझ्या यादीत आलंच नाही. सकाळी 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, यूएसबी उपकरण लागल्याची नोंद होती, पण काट्याचं पोर्ट 'टीटीवाययूएसबी०' कुठेच नव्हतं. ग्रब या बूट मेन्यूतून जुना कर्नल निवडायला लावला तेव्हा रांग हलली.

या कामात मशीन मोडून पडलं तर ते लगेच कळतं. जे गुपचूप गळतं ते मात्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाच्या अंगावर येतं. म्हणून खालच्या चुका जरा सविस्तर लिहितोय.

यादी चुकीच्या वेळी काढणं

लोकलमॉडकॉन्फिग वापरायचंच असेल तर एलएसमॉडची यादी भर कामाच्या वेळी काढा, काटा, प्रिंटर, बारकोड स्कॅनर, पेन ड्राइव्ह असं सगळं एकदा लावून. ती फाइलमध्ये जपून ठेवा. कर्नल दुसऱ्या मशीनवर बांधत असाल तर आज्ञेला 'एलएसमॉड=' असं लिहून तीच फाइल देता येते. मोठी डिस्क असलेल्या मशीनवर मी हा उद्योग करतच नाही. थोडी जागा आणि थोडा वेळ वाचवण्यासाठी एवढी जोखीम घेऊ नये.

भलतीच फाइल 'जुनी' समजणं

बूट डिरेक्टरीत तीन-चार कॉन्फिग फाइली पडलेल्या असतात. आपल्याला हवी ती सध्या चालू असलेल्या कर्नलची, म्हणजे 'यूनेम -आर' जे नाव सांगतं त्या नावाची. सर्वांत नवी दिसणारी उचलू नका. फाइल हरवली असेल आणि कर्नल बांधताना ती सोय ठेवलेली असेल, तर प्रॉक डिरेक्टरीत 'कॉन्फिग.जीझेड' मिळते. सोर्समधली 'एक्स्ट्रॅक्ट-आयकेकॉन्फिग' स्क्रिप्टही कर्नलच्या इमेजमधून ती काढून देते, पण त्यासाठीही ती सोय आधीच चालू असावी लागते. आणि 'मेक क्लीन' कॉन्फिगला हात लावत नाही, पण 'मेक मिस्टर प्रॉपर' डॉट कॉन्फिग, म्हणजे सोर्समधली चालू कॉन्फिग फाइल, पुसून टाकतं. त्यामुळे आधी सोर्सबाहेर एक प्रत ठेवा.

'इज नॉट सेट'च्या ओळी कचरा समजून काढणं

फाइल उघडली की हॅशने सुरू होणाऱ्या शेकडो ओळी दिसतात. टिपणं असतील असं समजून काही जण त्या गाळतात, फाइल आटोपशीर होते. पण 'अमुक इज नॉट सेट' हा घेतलेला निर्णय असतो. हे नको, असं कोणीतरी विचार करून ठरवलेलं असतं. ती ओळ गेली की कर्नलच्या लेखी तो प्रश्न कधी विचारलाच गेला नाही. मग तो तुम्हाला पुन्हा विचारतो, किंवा तुम्ही विचारू नको म्हटलं असेल तर स्वतःचं डिफॉल्ट घालतो. बंद ठेवलेली गोष्ट अशी पुन्हा चालू होते.

उलटंही होतं. एखादा पर्याय एडिटरमध्ये हाताने 'वाय' (हो) करता, तो ज्यावर अवलंबून आहे तो पर्याय बंद असतो, आणि मेक चालवल्यावर तुमची ओळ गायब. मेन्यूकॉन्फिगमध्ये, म्हणजे पर्यायांच्या मेन्यूत, तिरकी रेघ दाबून त्याचं नाव शोधा, कशाकशावर अवलंबून आहे ते तिथे लिहिलेलं असतं.

एंटर, एंटर, एंटर

'मेक ओल्डकॉन्फिग' जुनी उत्तरं जशीच्या तशी ठेवतं आणि फक्त नवे प्रश्न विचारतं. दोन-तीन वर्षांची उडी मारली की ते प्रश्न शेकड्यांत जातात. पहिले वीस माणूस वाचतो, मग एंटर दाबत सुटतो. 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' तर विचारतही नाही, सगळीकडे डिफॉल्ट भरून मोकळं होतं. त्याला माझी हरकत नाही, मीही वापरतो. पण त्याआधी 'मेक लिस्टन्यूकॉन्फिग' चालवून नव्या पर्यायांची यादी घ्या आणि आपल्या हार्डवेअरशी, फाइलसिस्टिमशी, नेटवर्कशी ज्याचा संबंध आहे तेवढं तरी वाचा. ओल्डकॉन्फिगमध्ये प्रश्नचिन्ह दाबलं की त्या पर्यायाची माहिती येते.

यापेक्षा मोठा धोका नाव बदललेल्या पर्यायांचा. जुन्या फाइलीतलं नाव नव्या कर्नलला ओळखता आलं नाही तर तो ते सरळ सोडून देतो. ५.१८ मधलं उदाहरण बघा. त्याआधी डीबग माहिती हा साधा हो-नाही पर्याय होता. ५.१८ पासून तो अनेकांतून एक निवडण्याचा झाला आणि त्यात 'काहीच नको' हाही पर्याय आला. जुन्या फाइलीत डीबग इन्फो 'वाय' असूनही ओल्डडेफकॉन्फिगनंतर तो 'काहीच नको'वर जाऊन बसतो, आणि त्याच्यावर अवलंबून असलेलं बीटीएफही (कर्नलमधल्या डेटा प्रकारांची माहिती) त्याच्याबरोबर जातं. मग बीपीएफवर (कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवण्याची सोय) चालणारी, बीटीएफ लागणारी साधनं बंद पडतात आणि माणूस त्या साधनांतच दोष शोधत बसतो.

म्हणून शेवटी स्क्रिप्ट्स डिरेक्टरीतलं 'डिफकॉन्फिग' चालवा, आधी बाहेर ठेवलेली प्रत आणि नवी डॉट कॉन्फिग समोरासमोर ठेवून. काय गेलं, काय आलं, काय बदललं हे ओळीओळीने दिसतं. वजाचं चिन्ह असलेली प्रत्येक ओळ वाचा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. त्या रात्री मी ते केलं असतं तर सीएच३४१ ची ओळ डोळ्यांसमोरच होती.

सर्टिफिकेटवर अडलेला बिल्ड

उबुंटू किंवा डेबियनची कॉन्फिग घेऊन मूळ सोर्स बांधायला गेलात की बरेचदा 'नो रूल टू मेक टार्गेट' म्हणत बिल्ड थांबतो आणि पुढे 'पेम'ने संपणारं एका फाइलीचं नाव दिसतं. कॉन्फिगमध्ये त्या वितरणाच्या स्वतःच्या सर्टिफिकेटचा पत्ता असतो, आणि ती फाइल तुमच्या सोर्समध्ये नसते. 'सिस्टिम ट्रस्टेड कीज' आणि नव्या आवृत्त्यांत 'सिस्टिम रिव्होकेशन कीज' हे दोन पर्याय रिकाम्या अवतरणांवर आणा, बिल्ड पुढे जाईल.

रूट सापडत नाही

'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक' (रूट, म्हणजे सिस्टिमची मुख्य फाइलसिस्टिम, जोडता आली नाही) वाचून पोटात गोळा येतो, पण कंसातले आकडे बघा. (८,१) असेल तर डिस्कचं पहिलं पार्टिशन कर्नलला दिसतंय, फाइलसिस्टिमचा ड्रायव्हर नाही. (०,०) असेल तर कर्नलला रूटची डिस्कच ओळखता आलेली नाही. त्याची कारणं साधारण ठरलेली. जुनी कॉन्फिग साटा डिस्कच्या काळातली आणि मशीनमध्ये आता एनव्हीएमई या नव्या प्रकारची डिस्क. किंवा ड्रायव्हर 'एम' आहे, म्हणजे मोड्यूल, आणि ते ज्यातून लोड व्हायचं ती इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीची छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम) बनलीच नाही. इनिटरॅमएफएस नको असेल तर डिस्कचा आणि फाइलसिस्टिमचा ड्रायव्हर दोन्ही 'वाय' हवेत, आणि रूट यूयूआयडीने (फाइलसिस्टिमच्या ओळख क्रमांकाने) सांगून चालत नाही. फाइलसिस्टिमचा यूयूआयडी वाचणं इनिटरॅमएफएसचं काम, कर्नलला स्वतःहून पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) समजतो.

क्रमही चुकतो. आधी 'मेक मोड्यूल्स_इन्स्टॉल', मग 'मेक इन्स्टॉल'. उलट केलंत तर इनिटरॅमएफएस बनते तेव्हा मोड्यूल्स जागेवर नसतात. डीबग माहिती चालू असेल तर पहिल्या आज्ञेला 'इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१' जोडा, नाहीतर इनिटरॅमएफएस एवढी फुगते की छोटं बूट पार्टिशन भरून जातं.

जुन्याच्याच नावावर नवा

त्याच आवृत्तीचा कर्नल कॉन्फिग बदलून पुन्हा बांधताय? 'लोकलव्हर्जन'मध्ये वेगळं शेपूट लावा. नाहीतर नवी मोड्यूल्स जुन्यांवरच लिहिली जातात आणि परत फिरायला वाट उरत नाही.

जाता जाता सिसकंट्रोलच्या फाइलीवरही नजर टाका, म्हणजे चालू कर्नलला द्यायच्या सेटिंग्जच्या फाइलीवर; तीही जुनीच पुढे येते. कुठून तरी उतरवलेलं 'टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल' हे नेटवर्कचं सेटिंग अजून कित्येक सर्व्हरवर सापडतं. ते कर्नलमधून ४.१२ लाच काढलं.

लांबून रीबूट करताना

फोंड्याहून डिचोलीला पावसात जायचं म्हणजे सगळी सकाळ गेली. म्हणून आता मी ग्रबचं डिफॉल्ट 'सेव्ह्ड' ठेवतो, 'ग्रब-सेट-डिफॉल्ट'ने जुना कर्नल कायमचा निवडतो, आणि 'ग्रब-रीबूट'ने नवा फक्त एकदाच सुरू होऊ देतो. कर्नलच्या ओळीत 'पॅनिक=१०' असतं, म्हणजे पॅनिक झालं, कर्नल अडून थांबला, तर दहा सेकंदांत मशीन आपणहून रीबूट होऊन जुन्यावर येतं. नेटवर्क उठलं नाही तर पॅनिक होत नाही, तेव्हा काकांना मशीन बंद करून चालू करायला सांगायचं, तरी जुनाच येतो.

आणि हे काम आता रात्री करत नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत करतो, काका काट्याजवळ असताना. नवा कर्नल उठला की ते एक पोतं काट्यावर ठेवतात आणि स्क्रीनवरचा आकडा फोनवर वाचून दाखवतात. मग पावती छापून बघतात. दोन्ही जुळलं की मी नवा कर्नल डिफॉल्ट करतो. जुना मात्र पुढचा हंगाम संपेपर्यंत काढत नाही.