फ्लेवर सेफ आहे का, हे तपासायचं कसं

लेबलवर नुसतं "फ्लेवर" लिहिलेलं असतं, त्यावरून काही म्हणजे काही कळत नाही. आधी सप्लायरकडून आतल्या प्रत्येक घटकाचं नाव आणि कॅस नंबर (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) मागून घ्या, व्हॅनिलिनचा १२१-३३-५ आहे तसा. फॉर्म्युला सिक्रेट आहे म्हणून टाळाटाळ होते, मग गोपनीयतेचा करार करा पण नावं घ्याच, नाहीतर पुढे तपासणार काय?

नंबर हातात आला की जेक्फाचं मूल्यांकन बघा, ही एफएओ आणि डब्ल्यूएचओची तज्ज्ञ समिती. नाव सापडलं की लोक फाईल बंद करतात आणि इथेच घोळ होतो, कारण खरा प्रश्न असतो पोटात किती जातंय.

ते साधं गणित आहे. लिटरला २ मिलिग्रॅम घातलं आणि माणूस २०० मिली प्यायला तर ४०० मायक्रोग्रॅम झाले. आता रेणूच्या रचनेवरून क्रेमर वर्ग काढायचा (पदार्थ किती विषारी असू शकेल याचे तीन गट, तिसरा सगळ्यात शंकास्पद), मर्यादा वर्ग १ ला दिवसाला माणशी १८०० मायक्रोग्रॅम, २ ला ५४० आणि ३ ला फक्त ९०, म्हणजे तेच ४०० पहिल्या दोन वर्गांत चालून जातात पण तिसऱ्यात चौपटीच्याही वर जातात, मग त्या पदार्थाचा विषारीपणाचा स्वतंत्र डेटा लागतोच. आणि हो, तोच घटक माणूस दिवसभरात इतर चार गोष्टींतून पण खातो, तेही धरा. डीएनएला इजा करेल अशी शंका असेल तर मात्र हे आकडे वापरायचेच नाहीत.

"नॅचरल" शब्दाला भुलू नका प्लीज. मिथाइल युजेनॉल बेसिलमध्ये आपोआप असतं, पण प्राण्यांमध्ये कॅन्सर दिसला म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये त्याचं सिंथेटिक रूप परवानगी असलेल्या फ्लेवर्सच्या यादीतून काढलं. रेणू दोन्हीकडे एकच!

शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त टोचतं. ही सगळी तपासणी खाणाऱ्यासाठी असते, मिसळणाऱ्यासाठी नाही. बटरचा वास देणारं डायअसिटिल खाण्यात चालतं म्हणून वापरात होतं, पण २००० साली मिसुरीतल्या पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांची फुप्फुसं त्याच्या वाफेने कायमची खराब झाल्याचं उघड झालं. त्यामुळे घटक उडून जाणारा असेल तर टाकीला झाकण, वाफ खेचणारा एक्झॉस्ट आणि योग्य रेस्पिरेटर आहे का हे स्वतः जाऊन बघा, गरम टाकीत वाकून बघणाऱ्या माणसाचा श्वास कुठल्याच यादीत मोजलेला नसतो.