‘फेडरलिस्ट’चे निबंध वाचायचे कसे?

‘फेडरलिस्ट’ म्हणजे अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेची बाजू मांडणारे ८५ निबंध. पहिली सूचना जरा उलटी वाटेल: निबंध १ पासून ८५ पर्यंत सरळ वाचत जाऊ नका. मी तसंच केलं होतं. अठराव्यात प्राचीन ग्रीसचे संघ सुरू झाले आणि मी गळपटलो.

आधी अमेरिकेची मूळ राज्यघटना वाचा. १७८७ चा मजकूर अवघ्या सात कलमांचा आहे, तासाभरात होतो. मग एवढी पार्श्वभूमी पुरे: राज्यांना बांधणाऱ्या आधीच्या करारात काँग्रेसला, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय संसदेला, कर बसवण्याचा अधिकारच नव्हता, पैशासाठी राज्यांपुढे हात पसरावे लागत. नवी घटना लागू व्हायला १३ पैकी ९ राज्यांची मंजुरी हवी होती. न्यूयॉर्कमध्ये विरोध जोरात होता, म्हणून अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे या घटनेच्या तीन समर्थकांनी ऑक्टोबर १७८७ पासून तिथल्या वर्तमानपत्रांत ‘पब्लियस’ या टोपणनावाने लिहायला घेतलं.

म्हणजे ही एका बाजूची वकिली आहे. प्रत्येक निबंध वाचताना वहीत एकच ओळ लिहा: हे कोणत्या आक्षेपाला उत्तर आहे?

सुरुवात दहाव्यापासून करा, पण त्याआधी विरोधकांपैकी ‘ब्रूटस’ या टोपणनावाचं पहिलं पत्र वाचा. त्याचं म्हणणं, एवढ्या अवाढव्य देशात प्रजासत्ताक टिकत नाही. लोकप्रतिनिधींना लोकच माहीत नसतात. मॅडिसन हाच मुद्दा फिरवतो: देश मोठा म्हणून गट अनेक, आणि गट अनेक म्हणून एकाच गटाला बहुमत जमवून इतरांना दडपणं अवघड. दोन्ही लागोपाठ वाचल्याशिवाय दहाव्याची धार कळत नाही. मला अजूनही ब्रूटसची शंका पुरती फिटलेली वाटत नाही.

पुढे ५१ (सत्तेला सत्तेचा लगाम), ७० (राष्ट्राध्यक्ष एकच का) आणि ७८ (न्यायालयं). भाषा जड आहे. लांब वाक्याचं क्रियापद आधी शोधा.

शेवटी ८४ वाचा. हक्कांची वेगळी सनद नकोच, असं हॅमिल्टन त्यात ठासून सांगतो. मग घटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्या उघडा: १७९१ मध्ये तीच सनद आली, आणि संसदेत ती मांडली होती मॅडिसनने, म्हणजे ‘पब्लियस’मधल्याच एकाने.