जुन्या मिलिटरी सामानाचं रबर: काय करायचं, काय अजिबात लावायचं नाही

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरणाऱ्या प्रत्येकाला कधीतरी एखादा गॅस मास्क, डिस्पॅच रायडरचे (मोटरसायकलवरून लष्करी निरोप नेणाऱ्याचे) गॉगल नाहीतर रबराची ग्राउंडशीट हाताला लागतेच, आणि घरी आणल्यावर पहिला प्रश्न हाच की याला लावू काय? माझं उत्तर दरवेळी तेच, काहीही लावू नका. टायर पॉलिश नको, सिलिकॉन स्प्रे नको, व्हॅसलीन, खोबरेल, एरंडेल काहीच नको. तेलानं आणि व्हॅसलीननं नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं, आठवडाभर एकदम नवीन दिसतं म्हणून माणूस खूश होतो आणि आतून ते अजून कमजोर होत जातं. सिलिकॉन एकदा बसलं की पूर्ण निघत नाही आणि पुढे कधी तुकडा चिकटवायची वेळ आली तर गोंदच धरत नाही.

मुळात होतं काय, तर रबर म्हणजे रेणूंच्या लांब लांब साखळ्या, आणि हवेतला ऑक्सिजन, ओझोन, ऊन, उष्णता हे सगळे मिळून त्या तोडतात. साखळ्या तुटत गेल्या की रबर चिकट होतं, उलट एकमेकींत जास्तच गुंतल्या तर कडक होऊन पापडासारखं तडकतं. दोन्हीपैकी काहीही झालं तरी ते मागे फिरत नाही, कुठल्याच बाटलीतल्या औषधानं नाही. आपण फक्त वेग कमी करू शकतो, आणि तो बराच कमी करता येतो. ओझोनच्या चिरा घडीवर आणि ताणलेल्या जागीच पडतात, म्हणून मास्कचे पट्टे ताणून हूकवर टांगून ठेवणं सगळ्यात वाईट. अजून एक गोष्ट, जपाननं 1942 मध्ये मलाया आणि सिंगापूर घेतल्यावर दोस्त राष्ट्रांचा रबराचा बहुतेक पुरवठा तुटला आणि सिंथेटिक, रीक्लेम्ड (जुन्यातून परत काढलेलं) असं मिळेल ते वापरलं गेलं, त्यामुळे त्या काळातल्या एकसारख्या दिसणाऱ्या दोन वस्तूंतलं रबर वेगवेगळ्या तऱ्हेनं खराब झालेलं दिसू शकतं.

साफ करायच्या आधी शिक्के, बाण (ब्रिटिश सरकारी मालाची खूण), बनवल्याची सालं, लॉट नंबर यांचे फोटो काढा, कारण हे शाईचे ठसे सगळ्यात आधी जातात. मग नायट्राईल ग्लोव्हज घालून मऊ ब्रशनं धूळ झाडा. रबर अजून लवचिक असेल तरच डिस्टिल्ड वॉटरमध्ये जरासा ओला करून घट्ट पिळलेला सुती कपडा फिरवा, भिजवायचं नाही, आणि सावलीत वाळवा. पेट्रोल, थिनर, टर्पेंटाइन लांब ठेवा. चिकट झालेल्या भागाला हातच लावू नका. एबोनाइट म्हणजे कडक काळं रबर, ते तपकिरी-हिरवट झालं असेल तर पाणीही नको, कोरडा ब्रश पुरे.

गॅस मास्कवाल्यांनी हे नीट वाचा. दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच ब्रिटिश मास्कच्या फिल्टरमध्ये ॲसबेस्टॉस आहे. तोंडाला लावून फोटो काढायचा नाही, पोरांना घालायला द्यायचा नाही, फिल्टरचा डबा उघडायचा नाही, हलवून आवाजही बघायचा नाही. डब्याची भोकं टेपनं बंद करा आणि वेगळ्या जाड झिप पिशवीत ठेवा.

आता ठेवायचं कसं, खरं काम इथेच आहे. मास्कच्या आत पॉलिस्टरचा कापूस हलका भरा म्हणजे आकार राहतो, घडी पडत नाही. वर्तमानपत्र भरू नका, त्यात ॲसिड असतं. चिकट भाग एकमेकांना लागत असतील तर मध्ये सिलिकॉन कोटिंगचा बेकिंग पेपर घाला (हे सिलिकॉन कागदावरच पक्कं असतं, स्प्रेसारखं रबरात बसत नाही). व्हल्कनाइज्ड, म्हणजे गंधक घालून पक्क्या केलेल्या रबरात गंधक असतं, त्यानं चांदी काळी पडते, म्हणून आजोबांची मेडलं त्याच पेटीत ठेवायची नाहीत. उलट बाजूनं तांबं रबराला खातं, तर पितळी बक्कल रबरी पट्ट्याला लागत असेल तर मध्ये मायलरची (पारदर्शक पॉलिस्टर फिल्मची) पट्टी सरकवा.

जागा म्हणाल तर माळा नको, त्यातून पत्र्याखालचा तर नकोच, एप्रिल-मेमध्ये पुण्यात तिथे काय तापतं सगळ्यांना माहीत आहे, आणि दहा डिग्री वाढले की खराब व्हायचा वेग साधारण दुप्पट होतो असा ढोबळ हिशोब आहे. घराच्या आतल्या भिंतीचं, ऊन न येणारं कपाट बघा. लेझर प्रिंटर आणि ओझोन सोडणारा एअर प्युरिफायर त्या खोलीत नको.

वस्तू खरंच मोलाची असेल तर ऑक्सिजन ॲब्सॉर्बरच्या, म्हणजे लोखंडाची पूड असलेल्या, ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या वापरा. जाड सिल्व्हर (ॲल्युमिनियमचा थर असलेला) पाऊच घ्यायचा, रविवार पेठेत बोहरी आळीत पॅकिंगचं सामान मिळतं तिथे विचारा, साधी पॉलिथिन पिशवी चालत नाही कारण तिच्यातून हवा हळूहळू आत जातेच. हवेत 21 टक्के ऑक्सिजन, म्हणजे 5 लिटर हवेत साधारण 1050 मिली, तर 1000 मिली ऑक्सिजन शोषणारी पुडी कमी पडते, 1500 ची क्षमता घ्या. ऑक्सिजन गेला की पिशवी आत ओढली जाते, म्हणून पिशवी सैल ठेवा नाहीतर मऊ मास्क चेपतो. सिलिका जेल सोबत टाकू नका, लोखंडाच्या पुडीला काम करायला थोडा ओलावा लागतो. पण जुलैच्या दमट हवेतही सील करू नका, आत धातू असेल तर गंजेल, जानेवारी-फेब्रुवारीची कोरडी हवा बघून करा. पिशवीवर बाहेरून वस्तूचा फोटो आणि तारीख चिकटवा म्हणजे उगाच उघडावी लागत नाही.

जीपवाल्यांचं मात्र वेगळं. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचे ब्रेक होज आणि व्हील सिलिंडरचे वॉशर ओरिजिनल आहेत म्हणून जपायचे नसतात, ते बदलायचेच, तिथे जिवाचा प्रश्न आहे. काढलेले जुने भाग पुसून, लेबल लावून वेगळ्या पिशवीत ठेवा.