जुन्या पद्मिनीचे पुढचे सस्पेन्शन सुधारताना काय निवडावे

बेळगावहून जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरताना जुनी प्रीमियर पद्मिनी वळणावर कलू लागली, खड्ड्यात पुढून खाडकन वाजली आणि ब्रेक दाबताच एका बाजूला ओढली, की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो ताठ स्प्रिंगा बसवण्याचा. माझ्या मते तो विचार सर्वांत शेवटी यायला हवा. दुहेरी विशबोन (चाकाला बॉडीशी जोडणारे वर-खाली असे दोन हात), कॉइल स्प्रिंग, टेलिस्कोपिक शॉकअप (स्प्रिंगची उसळी आवरणारा भाग) आणि अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे कमी करणारी दांडी) अशी या गाडीची मूळ मांडणी आहे, आणि तिच्या काळातील छोट्या गाडीसाठी ती चांगलीच विचारपूर्वक केलेली आहे. आज ती वाईट वाटते याचे कारण बहुतेक वेळा आराखड्यात नसून साठलेल्या झिजेत असते, आणि झिजलेल्या सांध्यांवर बसवलेला कोणताही महाग भाग त्याची किंमत वसूल करून देत नाही.

म्हणून खरेदीपूर्वी तपासणी करावी. गाडीचा पुढचा भाग उचलून खाली मजबूत घोड्या (आधाराचे स्टँड) लावाव्यात. केवळ जॅकच्या भरवशावर चाकाला हात घालू नये. चाक वर आणि खाली धरून हलवावे आणि खेळ जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगून पुन्हा हलवावे. खेळ नाहीसा झाला तर दोष हबच्या बेअरिंगमध्ये आहे. तसाच राहिला तर किंगपिन (जिच्याभोवती पुढचे चाक वळते ती खीळ), तिचे बुश (सांध्यातली नळी) किंवा विशबोनचे सांधे झिजले आहेत. चाक डावी-उजवीकडे हलवल्यावर जाणवणारा खेळ टायरॉड एंड (स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीचे टोक) आणि स्टिअरिंग बॉक्सकडे बोट दाखवतो. किंगपिनचे नवे बुश ठोकून बसवल्यावर वरचा आणि खालचा बुश एकाच सरळ रेषेत रीमरने (भोक अचूक मापाला आणणाऱ्या हत्याराने) साफ करावे लागतात, आणि हे काम अंदाजाने करण्यासारखे नाही. बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या चांगल्या मशीन शॉपमध्ये नेऊन ते करून घ्यावे. ग्रीस भरताना चाके अधांतरी असावीत, म्हणजे ज्या पृष्ठभागांवर एरवी भार दाबलेला असतो तेथेही ग्रीस पोहोचते.

विशबोनच्या बुशांसाठी रबर की पॉलियुरेथेन, हा प्रश्न हल्ली हमखास विचारला जातो. पॉलियुरेथेन (रबरापेक्षा कडक कृत्रिम पदार्थ) कमी दबते, त्यामुळे स्टिअरिंग अधिक नेमके वाटते. परंतु पद्मिनीला वेगळी चासी नाही, तिचा सांगाडा म्हणजे पत्र्याची बॉडीच, आणि पॉलियुरेथेनमुळे रस्त्याचा प्रत्येक धक्का त्या जुन्या, कुठेतरी गंजलेल्या पत्र्यापर्यंत अधिक कठोरपणे पोहोचतो. ऊस हंगामात चिकोडी-हुक्केरी भागातील रस्ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी कसे होतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला मी रोजच्या वापरासाठी चांगल्या प्रतीचे रबरच सुचवीन. मात्र रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, तिचे पूर्ण वजन पडल्यावरच अखेरचे आवळावेत. चाके लोंबत असताना आवळले तर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि काही महिन्यांतच फाटते. मी स्वतः हा धडा एक पूर्ण जोड वाया घालवून शिकलो.

खऱ्या अर्थाने सुधारणा म्हणता येईल असा पैसा शॉकअपवर खर्च करावा. नायट्रोजन भरलेल्या शॉकअपमध्ये तेलाला फेस कमी येतो, त्यामुळे सलग खडबडीत रस्त्यावरही त्याची पकड टिकते. निवड करताना केवळ शॉकअपच्या टोकांच्या डोळ्यांचे (बोल्टच्या भोकांचे) माप जुळून भागत नाही. पूर्ण उघडलेली आणि पूर्ण दबलेली लांबी मूळ शॉकअपशी ताडून पाहावी, कारण लांबी कमी पडली तर चाक खाली जाताना सस्पेन्शनचा सगळा झटका शॉकअपच्याच टोकावर बसतो, आणि जास्त झाली तर रबरी बंप स्टॉपला (चाक फार वर येऊ न देणाऱ्या ठोकळ्याला) टेकण्याआधीच तो आतून आपटतो.

स्प्रिंगांबाबत थोडे गणित समजून घ्यावे. कॉइल स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो. म्हणजे १२ मिलिमीटरऐवजी १३ मिलिमीटर तारेची, बाकी सर्व मापे तीच असलेली स्प्रिंग सुमारे ३८ टक्के अधिक ताठ होते. एवढा फरक मूळ शॉकअपला आवरत नाही आणि गाडी उसळत राहते. वेढा कापून गाडी खाली बसवणे हा तर मला सर्वांत चुकीचा मार्ग वाटतो, कारण वेढे कमी झाले की स्प्रिंग ताठ होते आणि त्याच वेळी चाकाला वर यायला जागा उरते कमी. गॅसने तापवून स्प्रिंग खाली दाबून बसवली तर पोलादाचे पाणीच (कठीणपणा) उतरते. जुन्या स्प्रिंगा खरोखर बसल्या असतील, दोन्ही बाजूंच्या उंचीत फरक असेल, तर मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगांची जोडी घ्यावी. अधिक ताठ हव्याच असतील तर १० ते १५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये. गावोगावचे गतिरोधक पाहता गाडीची उंची मात्र मूळचीच ठेवावी.

जाड अँटी-रोल बारलाही हाच चौथ्या घाताचा नियम लागू होतो. शिवाय फक्त पुढचा बार जाड केला की वळणात पुढची चाके आधी घसरू लागतात, आणि आंबोलीच्या पावसाळी वळणांवर ते नको.

अँबॅसॅडरच्या पुढे कॉइलऐवजी टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्या) असतात, त्यामुळे उंची त्यांच्या अँकरवर (त्यांचे टोक पक्के धरणाऱ्या भागावर) जुळवता येते. वरील स्प्रिंगांचा हिशेब तिथे तसाच लावू नये. स्टँडर्ड हेरल्डच्या मालकाने तर सुधारणेचा विचार करण्याआधी खालच्या ट्रनियनकडे (ज्यावर चाक वळते त्या आटेदार सांध्याकडे) पाहावे. तिथे ग्रीस नव्हे, नव्वद नंबरचे गिअर ऑइल लागते. ते न मिळाल्यास आत पाणी शिरते, आटे गंजतात आणि सांधा तुटून चाक आडवे पडते. खानापूर भागातील पाऊस झेलणाऱ्या हेरल्डला हे तेल पावसाळ्याआधी आणि नंतरही द्यावे.

एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते, म्हणून सांगतो. दुसऱ्या गाडीची संपूर्ण पुढची क्रॉसमेंबर (सस्पेन्शन पेलणारी आडवी तुळई) कापून-वेल्ड करून बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर घाई करू नये. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीसाठी २०२१ मध्ये आलेल्या नियमांत गाडी मूळ स्वरूपात असण्याची आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार नसण्याची अट आहे. बोल्टने निघणारा आणि पुन्हा मूळ भाग लावता येणारा बदलच निवडावा. जुने भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवावेत.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्यानंतर त्याच रस्त्यावर, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून गाडी चालवावी. निपाणीजवळचा तवंदी घाट आणि त्यापुढचा सरळ महामार्ग यासाठी चांगला आहे. सर्व काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे आणि रेडियल टायर असतील तर तसे कारागिराला आधी सांगावे, कारण मूळ टो-इनचे (पुढची चाके समोरून किंचित आत वळलेली असण्याचे) माप ५.२०-१४ च्या क्रॉसप्लाय (जुन्या पद्धतीच्या) टायरांसाठी दिलेले होते आणि रेडियलला साधारणपणे त्याहून कमी लागते. पाचशे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पाना लावून पुन्हा तपासावेत.