महाबळेश्वरला ग्रुपने सायकलवर निघताय? आधी हे ठरवून घ्या

पुण्याहून महाबळेश्वर १२० किमीच्या आसपास आणि वाटेत तीन घाट, कात्रज, खंबाटकी आणि वाई सोडल्यावर पसरणी. अंतराचं टेन्शन घेऊ नका, नियमित चालवणारा माणूस तेवढं ओढतो. वाट लागते ती ग्रुपमुळे. सहा जणांचे सहा स्पीड असतात आणि "सगळे एकत्रच जाऊ रे" म्हणून निघालं की पसरणीच्या पायथ्याला अर्धे वैतागलेले आणि अर्धे संपलेले. म्हणून एकत्र कुठे राहायचं आणि सुटं कुठे व्हायचं ते आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर फिक्स करा.

माझं मत सरळ आहे, सपाटीला एकत्र, घाटात ज्याचा त्याने.

पहाटे साडेचार-पाचला निघा, उशीर केला की ऊन आणि वीकेंडच्या गाड्या दोन्ही अंगावर येतात. कात्रज जुन्या घाटाने चढायचा, वर जुना बोगदा अंधारा आहे त्यामुळे पुढचा-मागचा लाइट चालू पाहिजे, मोबाइलचा टॉर्च हा लाइट नाही. खाली शिंदेवाडीला हायवे लागला की एका रांगेत, डावीकडे, गप्पा मारायला जोडीने अजिबात नाही. पुढच्याने खड्डा, खडी, काच दिसली की हात दाखवून ओरडायचं आणि प्रत्येकाने ते मागे पोचवायचं. पुढच्याच्या मागे राहिलं की वारा कमी लागतो हे खरंय, पण आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसवू नका, तो जरा जरी हलला तरी पडणार तुम्हीच. पुढे राहायची पाळी दहा-दहा मिनिटांनी बदला, आणि पाळी आली की स्पीड वाढवून हिरोगिरी करायची नाही, सपाटीला स्पीड सगळ्यात स्लो माणसाचा.

सगळ्यात शेवटी कोण, हे पण ठरवा. नवीन माणूस मागे पडतो म्हणून तोच शेवटी राहतो आणि पंक्चर झाला तर पुढच्यांना पत्ताच नसतो. शेवटी अनुभवी माणूस ठेवा, पंप, टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायच्या पट्ट्या), ॲलन कीचा (षटकोनी चाव्यांचा) सेट त्याच्याकडे. ट्यूब मात्र प्रत्येकाने आपापली घ्या, सगळ्यांच्या चाकाचा साइज आणि व्हॉल्व्ह सारखा नसतो.

खंबाटकीचा घाटरस्ता साताऱ्याकडे जाणाऱ्यांचा, पुण्याकडे येणारी वाहतूक बोगद्यातून, त्यामुळे समोरून गाड्या नाहीत, पण मागून ट्रक गुरगुरत येतात. डावी कड धरा, वळणावर फोटोला थांबू नका. घाट उतरून सुरूर फाट्याला सगळे जमा व्हा, तिथून हायवे सुटतो आणि जिवात जीव येतो.

वाईत मिसळ हाणायची इच्छा होणारच, पण तर्री पोटात घेऊन पसरणी चढून बघा म्हणजे कळेल. पोहे, इडली, केळी ठीक. भूक लागायची वाट न बघता तासातासाला काहीतरी तोंडात टाका, राजगिरा लाडू, चिक्की, खजूर, आणि एका बाटलीत इलेक्ट्रॉल.

आता पसरणी. १२ किमीच्या आसपास चढ आणि साधारण साडेपाचशे-सहाशे मीटर उंची, म्हणजे भिंत नाहीये पण संपत पण नाही. पहिल्या वळणाआधीच हलका गियर टाका, पेडलच्या चक्राला ३४ आणि मागच्या चाकाच्या सगळ्यात मोठ्या चक्राला ३२ दात असले तर गुडघे दुवा देतील, जोर लावून खाडखाड गियर बदलला की चेन उतरते. बोलता येईल इतपतच दम लागू द्या. आणि इथे कोणी कोणासाठी थांबायचं नाही, स्लो माणूस दुसऱ्याचा स्पीड पकडायला गेला तर अर्ध्यातच संपतो आणि फास्ट माणूस उगाच रेंगाळला की त्याचे पाय भरून येतात. भेटायचं पाचगणी स्टँडला. फक्त शेवटच्या माणसाने खरंच शेवटी राहायचं, त्याला ही सूट नाही. पाचगणी म्हणजे पोचलो असं समजू नका, पुढे अजून १८-२० किमी चढउतार आहे, खाऊ शिल्लक ठेवा.

सायकलनेच उतरणार असाल तर दोघांत भरपूर अंतर ठेवा. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही, आणि सतत दाबून पण धरायचा नाही, रिम तापते. एसटी वळणावर पूर्ण रस्ता घेते, माकडं कुठूनही आडवी येतात. पावसाळ्यात धुकं आणि शेवाळ असतं, पहिली ट्रिप ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच करा.

टेम्पोने परतणार असाल तर पुढची चाकं काढा, दोन सायकलींमध्ये जुनी गोधडी घाला, आणि सायकल आडवी ठेवावी लागली तर डिरेलरची, म्हणजे चेन आणि गियर बदलणारा भाग असतो ती बाजू वर.