जँगोमध्ये पहिलं मायग्रेशन चालवण्याआधी

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत वेबसाइट करायची ठरली की फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा, आपल्या कामाकडे बघून निवडा. लॉगिन, डेटाबेस, फॉर्म, ॲडमिन (साइटवरचा मजकूर भरायची-बदलायची तयार पानं) असं सगळंच लागणार असेल तर जँगो हे फ्रेमवर्क घ्या. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्रात ते घडलं आणि २००५ साली सर्वांसाठी खुलं झालं; बातम्या भराभर चढवायची तिथली निकड त्याच्या ॲडमिनमध्ये आजही दिसते. दुसऱ्या प्रोग्रॅम्सना माहिती देणारे दोन-चार एपीआयच द्यायचे असतील तर फ्लास्क किंवा फास्टएपीआय ही छोटी फ्रेमवर्क्स पुरे. मात्र त्यांच्यासोबत ओआरएम (पायथनच्या कोडमधूनच डेटाबेस हाताळू देणारा भाग) येत नाही, तो निवडून जोडण्याचा वेळ हिशेबात धरा.

जँगो ठरलं तर एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी, आवृत्ती घ्या. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ५.२ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या एप्रिल २०२८ पर्यंत मिळणार आहेत. तिला पायथन ३.१० किंवा त्यापुढचं लागतं, म्हणून सर्व्हरवर कोणतं पायथन आहे ते आजच पाहा. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या प्रोजेक्टच्या पॅकेजेससाठी वेगळी जागा) बनवा, पॅकेजेसच्या आवृत्त्या फाइलमध्ये नेमक्या लिहून ठेवा.

आता थांबा. मायग्रेट कमांड मायग्रेशन चालवते, म्हणजे कोडमधल्या मॉडेल्सप्रमाणे डेटाबेसमध्ये टेबलं बनवते. ती देण्याची घाई करू नका, कारण युजर मॉडेल, म्हणजे वापरकर्त्याची कोणती माहिती ठेवायची याचा आराखडा, आत्ताच ठरवायला हवं. तयार युजर मॉडेल आज पुरेसं वाटतं. पुढे ईमेलने किंवा मोबाइल नंबरने लॉगिन हवं अशी मागणी येते आणि तोवर निम्म्या टेबलांच्या फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोडणारे दुवे) त्या जुन्या युजर टेबलाला बांधलेल्या असतात. मग स्कीमा (टेबलांची रचना) हाताने दुरुस्त करा, डेटा हलवा, सगळंच जिकिरीचं. त्यापेक्षा ॲबस्ट्रॅक्टयुजर या जँगोच्या तयार क्लासवरून स्वतःचा क्लास आत्ताच काढा, अगदी रिकामा असला तरी चालेल, आणि सेटिंग्जमध्ये त्याचं नाव द्या. जँगोच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्येही नव्या प्रोजेक्टसाठी हा मार्ग दिलेला आहे. माझ्या मते या अख्ख्या तयारीत एवढी एक गोष्ट तरी चुकवू नये.

प्रॉडक्शनला, म्हणजे लोक वापरतात त्या साइटवर, पोस्टग्रेस हा डेटाबेस असेल तर लॅपटॉपवरही पोस्टग्रेसच ठेवा. जँगो सुरुवातीला देतं तो एसक्यूलाइट डेटाबेस मजकुराची ठरवलेली लांबी पाळायला लावत नाही, त्यामुळे घरी निमूट चाललेला कोड सर्व्हरवर एरर देतो. मायग्रेशनच्या फाइल्स गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) जायलाच हव्यात. जँगो सह्या-सुरक्षेसाठी वापरतं ती सीक्रेट की मात्र जाता कामा नये. ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेर सर्व्हरच्या सेटिंगमध्ये, ठेवा. एकदा कमिट झाली, म्हणजे गिटमध्ये नोंदली गेली, तर नुसती ओळ पुसून भागत नाही, गिटच्या इतिहासात ती राहते, तेव्हा कीच बदला.

साइट लाइव्ह करताना डीबग (चुकांचा तपशील दाखवणारी सेटिंग) बंद करा, नाहीतर एररच्या पानावर तुमचा कोड आणि बऱ्याच सेटिंग्ज कोणालाही वाचता येतात. अलाउड होस्ट्स या सेटिंगमध्ये साइटचं डोमेन लिहा, स्टॅटिक फाइल्स (सीएसएस, चित्रं वगैरे) गोळा करा. जँगोसोबत येणारा रनसर्व्हर फक्त डेव्हलपमेंटसाठी आहे. प्रॉडक्शनला गनिकॉर्नसारखा सर्व्हर लावा. मग सेटिंग्ज तपासणारी जँगोची चेक कमांड डिप्लॉय पर्यायासह चालवा आणि तिने दिलेली प्रत्येक वॉर्निंग वाचून, समजून घेऊनच पुढे जा.