सायकलच्या सीटने झालेले फोड, काचलेली कातडी आणि जांघेतलं गजकर्ण

सायकल चालवणारे सीटमुळे होणाऱ्या कुठल्याही दुखण्याला सरसकट ‘सॅडल सोअर’ म्हणतात आणि हाताला लागेल ते मलम चोपडतात. तिथेच बिघडतं. बैठकीच्या जागी होणारी चार-पाच दुखणी एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत. एकावर लागू पडणारं औषध दुसऱ्याला चिघळवतं. म्हणून आधी आरसा आणि उजेड घ्या, आणि आहे काय ते नीट बघा. लाज वाटून अंदाजाने औषध लावणं महागात पडतं.

आधी ओळखा

लाल, चुरचुरणारा पट्टा, अंघोळीचं पाणी पडलं की झोंबतो, कधी वरचं सालटं निघालेलं: ही काचलेली कातडी. यात जंतूंचा संबंध अजून आलेला नसतो. शॉर्ट्सची शिवण किंवा सीटची कड घासून हे होतं. ओल्या कातडीवर घर्षण वाढतं, त्यामुळे घाम आला की पट्टा पसरतो.

दाण्याएवढी पुटकुळी, मधोमध केस, टोकाला पिवळसर ठिपका: हा केसतोड. घासून केसाच्या मुळाचं तोंड उघडं पडतं आणि कातडीवर एरवीही असणारे जीवाणू, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, आत शिरतात. हाच खोल गेला, गरम लागायला लागला, ठसठसायला लागला की गळू.

कातडी वरून धड आहे, पण खाली रबरासारखी गाठ हाताला लागते, पू नाही, ताप नाही, आठवडे गेले तरी हलत नाही: ही वारंवारच्या दाबाने झालेली गाठ. पुरुषांत ती साधारणपणे अंडकोषाच्या मागे, मध्यरेषेच्या एका बाजूला येते. अँटिबायोटिकने ती जात नाही. सुईने टोचून तर मुळीच बघू नये. सोनोग्राफी करून डॉक्टरच काय ते ठरवतील.

खाज मुख्य आणि दुखणं कमी, जांघेत चट्टा, कड उठावदार लाल आणि मधला भाग फिकट होत गेलेला: हे गजकर्ण, म्हणजे बुरशी. ते सहसा अंडकोषाची कातडी सोडून मांडीकडे पसरतं. घडीत लालभडक ओलसर कातडी आणि आजूबाजूला सुटे छोटे फोड असतील, तर कँडिडा नावाच्या दुसऱ्या बुरशीचा संशय घ्यावा.

कातडीवर काहीच नाही, फक्त बुडाची दोन हाडं ठणकतात, तर तो मुका मार. नवी चप्पल चावावी तसंच हे. नव्याने चालवणाऱ्यांचं दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातं. त्यावर मलमं लावत बसू नका.

उपचार

काचलेल्या कातडीला फार काही लागत नाही. कोमट पाण्याने आणि बिनवासाच्या सौम्य साबणाने धुवा, न घासता टिपून घ्या, पंधरा-वीस मिनिटं उघडं ठेवून वारा लागू द्या. रात्री झोपताना झिंक ऑक्साइडचं मलम किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. स्पिरिट आणि तीव्र जंतुनाशक नको, त्याने उघडी कातडी आणखी जळते. पावडरही नको: घामाने तिचे खडे होतात आणि तेच घासतात. सालटं निघालं असेल तर हायड्रोकोलॉइड पट्टी (जखमेतली ओल शोषून जेलसारखी होणारी चिकटपट्टी) उपयोगी पडते. जखमेच्या चारही बाजूंनी किमान एक-दोन सेंटीमीटर जास्त येईल एवढी कापा, कोपरे गोल करा (टोकदार कोपरा शॉर्ट्समध्ये लगेच गुंडाळला जातो), कोरड्या कातडीवर चिकटवून अर्धा मिनिट तळहाताने दाबून धरा. कड सुटेपर्यंत दोन-तीन दिवस तशीच राहू द्या. पू असलेल्या जखमेवर मात्र ही पट्टी लावू नका, आत कोंडलेली ओल जंतूंच्याच पथ्यावर पडते.

केसतोडाला शेक हेच खरं औषध. सोसवेल इतक्या गरम पाण्यात स्वच्छ फडकं पिळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. बहुतेक केसतोड दोन-चार दिवसांत आपोआप फुटतात किंवा बसतात. दाबून पू काढायचा मोह होतोच, पण या भागात तो आवरा. दाबल्यावर पू जेवढा बाहेर येतो तेवढाच आतही ढकलला जातो, आणि पुटकुळीचं गळू व्हायला एवढं पुरतं. सोबत बेंझॉइल पेरॉक्साइडचं वॉश वापरता येतं: अडीच टक्क्यांपासून सुरुवात, एक-दोन मिनिटं ठेवून धुऊन टाकायचं. ते नाजूक ओल्या त्वचेला लागू देऊ नका. रंगीत टॉवेल आणि शॉर्ट्सवर त्याचे पांढरे डाग पडतात, ते निघत नाहीत. म्युपिरोसिन २ टक्के हे अँटिबायोटिक मलम डॉक्टरांनी दिलं तर सांगितले तेवढे दिवस लावा. ‘होऊ नये म्हणून’ रोज लावणं चुकीचं आहे, अशाने जंतू त्या औषधाला सरावतात.

गळवाला घरचे उपाय पुरत नाहीत. पू साचला की नुसत्या गोळ्यांचा तिथपर्यंत नीट पोच नसतो, चीर देऊन तो काढावाच लागतो. व्यावसायिक शर्यतींतही याच्यापुढे कुणाचं चालत नाही. १९८७ च्या स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत शॉन केली आघाडीवर असताना, शर्यत संपायला थोडेच दिवस उरलेले असताना, अशाच फोडामुळे बाहेर पडला. १९८९ च्या टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी लॉरां फिन्यों बैठकीच्या जखमेसह उतरला आणि ८ सेकंदांनी शर्यत हरला. रविवारची राइड चुकेल म्हणून कुणी फोडावर बसून शंभर किलोमीटर काढू नयेत.

पुढचं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा: ताप, लाली पसरत जाणं (पेनाने कडेची रेघ आखून ठेवा, काही तासांत रेघेबाहेर गेली का ते कळतं), फोडापासून निघणारी लाल रेषा, दोन सेंटीमीटरपेक्षा मोठी सूज, गुदद्वाराजवळची गाठ. मधुमेह असेल तर साध्या फोडालाही हाच नियम. आणि दिसतंय त्याच्या कैक पटीने दुखत असेल, कातडी जांभळी-काळी पडत असेल, तर सकाळपर्यंतही थांबू नका, सरळ इस्पितळात जा. असा खोलवरचा संसर्ग तासांच्या हिशेबाने पसरतो आणि जिवावर बेततो.

गजकर्णाला क्लोट्रिमाझोल १ टक्का मलम दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे. किंवा टर्बिनाफिन १ टक्का, त्याला एक-दोन आठवडे सहसा पुरतात. चट्ट्याच्या कडेपलीकडे दोन सेंटीमीटरपर्यंत लावा, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. खाज थांबली की औषध थांबवणं ही नेहमीची चूक. चट्टा गेल्यावरही आठवडाभर तरी चालू ठेवा. स्टेरॉइड मिसळलेली मलमं आपल्या मनाने वापरू नका. दोन दिवसांत खाज गायब होते म्हणून ती जादूची वाटतात, पण आत बुरशी फोफावत राहते, चट्ट्याचं रूप बदलतं आणि मग डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्यांसारखी भेगाळलेली, खाजरी कातडी आहे का तेही बघा. बऱ्याचदा बुरशी तिथूनच वर येते: अंडरवेअर चढवताना पावलांना घासून जांघेत जाते. दोन्ही जागी एकदमच औषध लावा, आणि तोवर आधी मोजे, मग अंडरवेअर.

जखमेची जागा काय सांगते

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक जण हाच सोडून देतात. फोड बरा झाला आणि सायकल तशीच राहिली, तर तो त्याच जागी परत येणार.

एकाच बाजूला होत असेल तर पहिला संशय सीटच्या उंचीवर घ्या. सीट उंच असली की पेडल खाली जाताना कंबर त्या बाजूला झुकते आणि प्रत्येक फेरीला एक बाजू घासते. मिनिटाला ८० ते ९० फेऱ्या धरल्या तर तासाला पाच हजारांच्या आसपास घासण्या होतात. मागून मोबाइलवर व्हिडिओ काढा, कंबर डोलते का ते लगेच दिसेल. उंचीचा ढोबळ हिशेब असा: अनवाणी उभं राहून, दोन पायांच्या मध्ये पुस्तक जांघेपर्यंत वर घट्ट दाबून, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. ८० सेंटीमीटर आलं तर साधारण ७०.६ सेंटीमीटर: क्रँकच्या (पेडल ज्याला जोडलेलं असतं त्या दांड्याच्या) आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. ही सुरुवात आहे, शेवटचा शब्द नाही. पुढचे बदल तीन-तीन मिलिमीटरचे करा आणि प्रत्येक बदलानंतर दोन-तीन राइड होऊ द्या. उंची बरोबर असूनही एकच बाजू दुखत असेल तर सीटचं नाक वाकडं वळलंय का, क्लीट (बूट पेडलला अडकवणाऱ्या तळाच्या पट्ट्या) नीट आहेत का ते बघा. दोन पायांच्या लांबीत फरक असेल तर सायकल अंगाच्या मापाने बसवून देणाऱ्या जाणत्या फिटरकडे जावं.

पुढच्या नाजूक भागात दुखत असेल तर सीटचं नाक वर उचललेलं असतं, किंवा हँडल फार खाली नाहीतर लांब असतं, किंवा सीट इतकी अरुंद असते की भार हाडांऐवजी मऊ भागावर येतो. सीटवर पुस्तक आडवं ठेवून मोबाइलने कोन बघा: सपाट, किंवा नाक फार तर दोन-तीन अंश खाली. त्याहून खाली केलंत तर अंग पुढे घसरत राहतं, दर मिनिटाला मागे सरकावं लागतं, आणि त्या सरकण्यानेच कातडी सोलते. या भागाला मुंग्या येणं किंवा तो बधिर होणं ही मज्जातंतू दबल्याची खूण. बधिरपणा उतरल्यानंतरही तासन्‌तास राहत असेल तर मांडणी बदलल्याशिवाय पुढची राइड नको. बायकांमध्ये याच दाबाने योनीच्या बाहेरच्या ओठांना सूज येते. मध्ये खाच असलेली सीट पुष्कळ जणींना मानवते, पण काही जणींना खाचेची कडच टोचते. सूज एका दिवसात उतरत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

मांड्यांच्या आतून दोन्हीकडे काचत असेल तर सीटचं नाक रुंद आहे किंवा शॉर्ट्स ढिली आहे.

सीटची रुंदी बुडाच्या हाडांच्या मापाने घ्या. टणक स्टुलावर पन्हाळी पुठ्ठा ठेवा, त्यावर बसा, टाचा उचलून थोडं पुढे वाका, अर्ध्या मिनिटाने उठा. दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्यात २० ते २५ मिळवा. सरळ बसून चालवणाऱ्यांना याहून थोडी जास्त रुंदी लागते. आणि एक गैरसमज: मऊ सीट म्हणजे आरामाची सीट नव्हे. जाड जेलमध्ये हाडं रुततात आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागेवर दाबतो. वरून चढवायचं जेल कव्हर तर उष्णताही धरतं आणि सरकतंही.

कपडे, क्रीम आणि रोजची शिस्त

पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंडरवेअर घालायची नाही. शिवण आणि घाम धरणारं सुती कापड नेमकं नको तिथे येतं. शॉर्ट्स घट्ट असावी, पॅडला सुरकुती पडू नये. पॅड अंगठ्याने दाबून सोडा, खळगा भरून येत नसेल तर ती शॉर्ट्स निवृत्त करा. एकदा घातलेली शॉर्ट्स न धुता पुन्हा कधीही नको. उलटी करून धुवा, पॅड वर ठेवून उन्हात वाळवा. फॅब्रिक सॉफ्टनर टाळा, तो धाग्यांवर थर धरतो आणि घाम शोषला जात नाही.

शॅमॉय क्रीम (घर्षण कमी करायला पॅडवर आणि कातडीवर लावायचं क्रीम) चमचाभर पुरते: थोडी घासणाऱ्या कातडीवर, थोडी पॅडच्या शिवणींवर. चार-पाच तासांच्या राइडमध्ये मध्यावर पुन्हा लावा. नाजूक त्वचेसाठी मेंथॉल नसलेलीच घ्या. केसांवर रेझर फिरवू नका. वाटल्यास ट्रिमरने कमी करा. रेझरने केसाचं टोक कातडीत वळतं, आणि केसतोडाची सुरुवात तिथूनच होते.

दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभं राहून वीस-तीस सेकंद चालवा. घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) हे जास्तच पाळा, कारण तिथे सायकल डोलत नाही, खड्डे उठवत नाहीत आणि घामाच्या धारा लागतात. समोर पंखा हवाच. राइड संपली की गप्पा नंतर, आधी शॉर्ट्स उतरवा. अंघोळीची सोय नसेल तर अल्कोहोलविरहित ओल्या वाइप्सने पुसून, कोरडं करून, सैल सुती कपडे घाला.

अनेक दिवसांच्या मोहिमेत थांबणं शक्य नसतं. तेव्हा वेगवेगळ्या शिवणींच्या दोन-तीन शॉर्ट्स आळीपाळीने वापरा, म्हणजे दाब रोज एकाच रेषेवर येत नाही. छोट्या फोडाभोवती मधोमध भोक असलेली फोमची चकती चिकटवली तर भार कडेवर जातो. बधिर करणारं मलम लावून चालवू नका. वेदना कळली नाही की जखम किती खोल गेली तेही कळत नाही.

परत सुरू करताना जागा अंगठ्याने दाबून बघा. दुखत नसेल तर पहिली राइड अर्ध्या-पाऊण तासाची. गळवाला चीर दिली असेल तर जखम पूर्ण भरेपर्यंत सीट वर्ज्य.

सायकल नीट मांडली, कपडे स्वच्छ आहेत, तरी केसतोड महिन्या-दोन महिन्यांनी येतच असतील, तर जंतू बऱ्याचदा नाकात मुक्काम करून असतात. डॉक्टर नाकातला नमुना तपासून त्यावर औषध देतात. तोवर टॉवेल स्वतंत्र ठेवा आणि ६० अंशांच्या पाण्यात धुवा. शॉर्ट्सला मात्र तेवढं गरम पाणी चालत नाही, तिच्या लेबलवर जे लिहिलंय तेच पाळा.